फोटोवाले आणि शूटिंगवाले एका करारात : आमच्या भागीदारीच्या नोंदणीचा अनुभव

लग्नाचे फोटो काढणारी एक व्यक्ती आणि लग्नाचे चित्रीकरण करणारी दुसरी व्यक्ती यांनी कायमचे एकत्र काम करायचे ठरवले, तर कागदोपत्री आणि प्रत्यक्ष मांडवात नेमके काय काय ठरवावे लागते, ही माहिती मला २०२३ च्या उन्हाळ्यात हवी होती आणि ती एका जागी कुठेच मिळाली नाही. मी साताऱ्यात राहते आणि सातारा, कराड, वाई या भागातील लग्नांचे फोटो काढते. माझे भागीदार वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत आणि अनेक वर्षे चित्रीकरण करतात, ज्याला आमच्याकडे अजूनही शूटिंगच म्हटले जाते. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात. जुलै २०२३ मध्ये आमची बोलणी सुरू झाली आणि डिसेंबरात आमच्या भागीदारी संस्थेचे बँक खाते उघडले. त्या काळात जे समजले ते इथे क्रमाने लिहीत आहे, म्हणजे याच वाटेने जाणाऱ्यांना थोडे सोपे जाईल.

आमच्या व्यवसायात फोटोवाले आणि शूटिंगवाले यांचे पटत नाही, असे सर्रास बोलले जाते. माझ्या मते यात स्वभावाचा भाग कमी आणि नेमणुकीच्या पद्धतीचा भाग जास्त असतो. कँडिड, म्हणजे नकळत टिपलेल्या फोटोंसाठी मुलीने कोणाला तरी पुण्याहून बोलावलेले असते, शूटिंगची ऑर्डर मुलाच्या काकांनी गावातल्या ओळखीच्या माणसाला दिलेली असते, आणि दोघांनी आपापल्या पार्टीला, म्हणजे ऑर्डर देणाऱ्या घराला, वेगवेगळी आश्वासने दिलेली असतात. दोघे एकमेकांना प्रथम भेटतात ते थेट मांडवात, सीमांतपूजन सुरू झाल्यावर. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, तो क्षण काही सेकंदांचा असतो. त्या वेळी वधूच्या मागे मामा उभे असतात, समोरून अक्षता येत असतात, आणि दोन्ही कॅमेऱ्यांना तीच एक जागा हवी असते. ती कोणाची, हे आधी ठरलेले नसेल तर धक्काबुक्की होणारच.

दादांची आणि माझी ओळख फेब्रुवारी २०२३ मध्ये कराडजवळच्या एका लग्नात झाली. मी मुलीकडून होते, ते मुलाकडून. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी ते स्वतः माझ्याकडे आले आणि त्यांनी एवढेच विचारले, "ताई, अंतरपाट निघताना तुम्ही कुठल्या बाजूला असणार? म्हणजे मी दुसरी बाजू घेतो." तोवर असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या दिवशीचे फोटो पाहताना एकाही चौकटीत त्यांची पाठ किंवा त्यांचा गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) आलेला दिसला नाही, आणि त्यांच्या चित्रीकरणात मी दिसत नव्हते. त्यानंतर मार्च ते मे या काळातल्या काही ऑर्डर आम्ही ठरवून एकत्र केल्या. प्रत्येकाचे पैसे वेगळे, बिल वेगळे, फक्त काम एकत्र. भागीदारीचा विचार करणाऱ्या कोणालाही मी आधी असा एक पूर्ण हंगाम काढून पाहण्याचा सल्ला देईन, कारण माणूस मांडवात दमलेला असताना कसा वागतो, हे बैठकीत बसून कळत नाही.

त्या हंगामात प्रकाशाचा प्रश्न सर्वांत आधी समोर आला. मंगलाष्टकांच्या वेळी मी फ्लॅश वापरला की दादांच्या चित्रीकरणात एखादी फ्रेम अर्धी पांढरी होऊन जाते, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतो आणि फ्लॅशचा प्रकाश त्यातल्या काही ओळींनाच मिळतो. उलट, त्यांचा एलईडी वधूच्या चेहऱ्यावर सरळ समोरून आला की माझ्या फोटोतला चेहरा सपाट होतो आणि तिला डोळे उघडे ठेवणेही जड जाते. आम्ही असे ठरवले की मंगलाष्टके सुरू झाल्यापासून हार घालून होईपर्यंत मी फ्लॅश लावणार नाही आणि त्या बदल्यात लाइटमन एलईडी बाजूने, उंचावर, मला चालेल अशा कोनात धरेल. दोघांच्या कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग जुळवण्याची मांडणी, स्वयंचलित न ठेवता एकाच आकड्यावर ठेवायचा, म्हणजे अल्बममधला आणि फिल्ममधला शालू एकाच रंगाचा दिसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सजावटीच्या स्वस्त दिव्यांखाली जलद शटर ठेवले की फोटोत काळे पट्टे येतात. दादा सेकंदाला पंचवीस फ्रेमवर चित्रीकरण करताना शटर १/५० सेकंद ठेवतात, तसे मीही अशा दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० वर राहू लागले. सकाळी पहिले काम म्हणून सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे एका मोबाइलवरून जुळवायची, हीही तेव्हाचीच सवय, आणि संपादनाच्या वेळी तिचा फार मोठा उपयोग होतो.

२०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास लांबला. २९ जूनला आषाढी एकादशी झाली आणि तुळशीचे लग्न थेट २४ नोव्हेंबरला होते. एवढा मोकळा काळ आमच्या व्यवसायात क्वचित मिळतो. जुलैपासून आम्ही दर रविवारी दादांच्या घरी बसत होतो. वहिनी सोबत असायच्या आणि त्यांच्या प्रश्नांमुळेच पुष्कळ गोष्टी स्पष्ट झाल्या, "उद्या तुमच्यापैकी एक आजारी पडला तर घेतलेली तारीख कोण पूर्ण करणार?" हा प्रश्न त्यांचाच.

सर्वांत जास्त वेळ पैशावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. फोटो तीन आठवड्यांत तयार होतात, पण संपूर्ण फिल्मच्या संपादनाला, ज्याला दादा मिक्सिंग म्हणतात, दोन महिने सहज लागतात. पार्टी साहजिकच शेवटचा हप्ता सगळे हातात आल्यावर देते. म्हणजे एकत्रित पॅकेज घेतले की माझे काम संपूनही माझे पैसे फिल्मसाठी अडकून राहणार, आणि दादांवर विनाकारण दबाव येणार. एकत्र काम करणाऱ्या अनेकांचे संबंध बिघडलेले मी याच कारणाने पाहिले आहेत. आम्ही हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधले : तारीख घेताना इसार, लग्नाच्या दिवशी मोठा हप्ता, फोटो दिल्यावर तिसरा आणि फिल्म दिल्यावर शेवटचा लहानसा.

वाटणीचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवणे सोपे होते, पण न्याय्य नव्हते. संपादकाचा खर्च दादांच्या बाजूला येतो, अल्बमच्या छपाईचा माझ्या बाजूला, आणि दोन्ही प्रत्येक ऑर्डरला बदलतात. म्हणून असे ठरले की येणाऱ्या रकमेतून आधी सर्व थेट खर्च वजा करायचा, म्हणजे छपाई, संपादन, लाइटमन, सहायक, प्रवास. मग प्रत्येकाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांचे दिवसाचे भाडे ज्याचे त्याला द्यायचे. आणि उरलेला नफा समान वाटायचा. कॅमेऱ्यांचे भाडे वेगळे काढण्याचे कारण असे की माझ्या कॅमेऱ्याचे कर्ज अजून चालू होते आणि ती वस्तू संस्थेची झालेली मला नको होती.

मांडवातल्या वागण्याचे नियमही याच काळात कागदावर उतरले. गुरुजींशी आणि यजमानांशी दोघांपैकी एकानेच बोलायचे, आणि ते काम दादांकडे. गुरुजींना आधी भेटून कोणता विधी कुठे थांबवता येईल आणि कुठे अजिबात थांबवायचा नाही, हे तेच विचारून घेतात. वधूच्या खोलीत चित्रीकरणासाठीही स्त्रीच असली पाहिजे, असा माझा आग्रह होता. दादांनी तो लगेच मान्य केला आणि त्यांच्या पुतणीला दुसरा कॅमेरा शिकवायला घेतले. लाजाहोम आणि सप्तपदीच्या वेळी चित्रीकरणाला हालचाल हवी असते, म्हणून तिथे मी लांबची लेन्स लावून मागे थांबते. कानपिळी, सूनमुख अशा छोट्या, हसऱ्या प्रसंगांत मी पुढे असते आणि गिंबल थांबतो. जोडप्याचे स्वतंत्र फोटो काढायला स्वागतसमारंभाआधी जो थोडा वेळ मिळतो, त्याचा पहिला मोठा भाग माझा आणि उरलेला दादांचा. माझ्या भागात ते जोडप्याला काहीही सांगत नाहीत, त्यांच्या भागात मी सांगत नाही. दोन बाजूंनी दोन सूचना ऐकून नवरा-नवरी किती गोंधळतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नियमाचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही एका चार्टर्ड अकाउंटंटकडे गेलो. त्यांनी दोन पर्याय सांगितले. मर्यादित दायित्व भागीदारीत, म्हणजे २००८ च्या कायद्याखालील एलएलपीत, भागीदारांची वैयक्तिक जबाबदारी मर्यादित राहते, पण दरवर्षी विवरणपत्रे भरण्याचा खर्च असतो. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाखालील साधी भागीदारी स्वस्त आणि सुटसुटीत असते, पण तिच्यात संस्थेच्या कृत्यांसाठी प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार ठरतो. हे ऐकून मला भीती वाटली, हे मान्य करते; दादांनी एखाद्या पार्टीला दिलेल्या शब्दासाठी उद्या माझ्या घरापर्यंत वसुली येऊ शकते, असा त्याचा अर्थ होता. त्या रात्री दादांचा फोन आला आणि त्यांनाही माझ्याबद्दल हीच काळजी वाटत असल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मग करारात असे कलम घातले की ठरावीक रकमेपेक्षा मोठी ऑर्डर, कर्ज किंवा खरेदी दोघांच्या लेखी संमतीशिवाय करायची नाही. बाहेरच्या माणसाला ते कलम ठाऊक नसेल तर त्याच्यासमोर त्याचे फार चालत नाही, पण आपसात ते बंधनकारक असते.

भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही. तरीही ती करावी, कारण त्या अधिनियमाच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातला हक्क बजावण्यासाठी दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. पार्टीने शेवटचा हप्ता बुडवला तर दाद मागण्याचा मार्गच बंद होतो. महाराष्ट्रात संस्था स्थापन झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करणे अपेक्षित आहे.

करारपत्रावर शुक्रवारी, १ सप्टेंबर २०२३ रोजी सह्या झाल्या. १९ तारखेला गणपती बसणार होते आणि महिनाअखेरीस पितृपक्ष सुरू होणार होता. दादांच्या आईंना पितृपक्षात नवे काम नको होते, म्हणून आम्ही ही तारीख धरली. संस्थेचे भांडवल आम्ही ५०,००० रुपये ठेवले, दोघांचे निम्मे-निम्मे, आणि तेवढ्या भांडवलाच्या करारपत्राला ५०० रुपये मुद्रांक पुरला. मसुद्याचे आणि पुढच्या सर्व अर्जांचे मिळून आम्ही सहा हजार रुपये दिले. मसुद्यात तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. भागीदारांचे मानधन करारात लिहिलेले असले तरच, आणि आयकर कायद्याच्या मर्यादेत, ते संस्थेच्या उत्पन्नातून वजा होते. संस्थेला मात्र पहिल्या रुपयापासून ३० टक्के दराने कर लागतो, म्हणून हे कलम महत्त्वाचे. दुसरे, कोणाचे कोणते कॅमेरे, लेन्स आणि संगणक हे संस्थेची मालमत्ता नाहीत, याची अनुक्रमांकांसह यादी. तिसरे, भागीदारी मोडल्यास आधीच इसार घेतलेल्या तारखा कोणी आणि कशा पूर्ण करायच्या.

पुढचा क्रम असा झाला. संस्थेच्या पॅनसाठी लगेच अर्ज केला, शुल्क १०७ रुपये, आणि कार्ड साधारण दोन आठवड्यांत टपालाने आले. दुकाने व आस्थापना कायद्याखाली २०२३ मध्ये दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागत होती. तिची पावती तरीही जपून ठेवावी, कारण तिला सगळीकडे शॉप ॲक्ट म्हणूनच मागितले जाते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे आणि आधारवरून घरबसल्या होते, त्यामुळे तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडे करायचा अर्ज, ज्याला नमुना अ म्हणतात, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन भरला आणि सह्या केलेली छापील प्रत कागदपत्रांसह पुण्याच्या कार्यालयात दिली. ऑक्टोबरच्या मध्यावर त्रुटी कळवली गेली : स्टुडिओची जागा दादांच्या वडिलांच्या नावावर असल्याने त्यांचे संमतीपत्र संस्थेच्या पूर्ण नावाने हवे होते, आणि माझे नाव आधारवर व करारपत्रावर वेगळ्या क्रमाने होते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी हे आधीच तपासावे. करारपत्रात "उर्फ" लिहून दोन्ही नावे घेतली तर पुढचे प्रतिज्ञापत्र वाचते. दुरुस्त कागद दिल्यानंतर दिवाळी मध्ये आली आणि नोंदणीचे प्रमाणपत्र नोव्हेंबरच्या अखेरीस मिळाले. सर्व सरकारी शुल्क, नोटरी, प्रवास आणि छायाप्रती धरून एकूण खर्च दहा हजार रुपयांच्या आसपास गेला, आणि तो आम्ही भांडवलातून केला.

या प्रतीक्षेत मन फार अस्वस्थ होते. बँकेला चालू खात्यासाठी करारपत्र आणि पॅनबरोबर नोंदणीचे प्रमाणपत्रही हवे होते, आणि तुळशीचे लग्न होऊन हंगाम सुरू झालेला होता. तोवरच्या ऑर्डरींचा इसार आम्ही आपापल्या खात्यात आपापल्या कामापुरता घेतला, दोन वेगळ्या पावत्या दिल्या आणि पार्टीबरोबरच्या कागदावर तसे स्पष्ट लिहिले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खाते उघडले, दोघांच्या सह्यांनी चालणारे.

वस्तू व सेवा कराबद्दल एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. सेवा व्यवसायाला नोंदणीची मर्यादा आर्थिक वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. दोघे वेगवेगळे असताना आम्ही प्रत्येकी तिच्या बरेच खाली होतो, पण पॅकेजची संपूर्ण रक्कम संस्थेच्या एकाच पॅनवर येऊ लागली की ही मर्यादा लवकर गाठली जाते, आणि मग १८ टक्के कर पार्टीकडून घ्यायचा की दर कमी करायचे, हा प्रश्न उभा राहतो. आम्ही दर महिन्याला उलाढालीची बेरीज करतो आणि नव्या करारपत्रांत "लागू असल्यास कर वेगळा" हे वाक्य पहिल्यापासून ठेवले आहे.

ड्रोनवर मात्र आमचा खरा मतभेद झाला. दादांचा ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड होता. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार असा ड्रोन व्यवसायासाठी उडवायला चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते आणि ड्रोनचीही नोंदणी असावी लागते. आजूबाजूला कोणी विचारत नाही, हे दादांचे म्हणणे खरे होते. पण मांडवावर काही पडले तर जबाबदारी संस्थेची, म्हणजे माझीही, हे माझे म्हणणेही खरे होते. दोन रविवार त्यात गेले. शेवटी दादांनीच तोडगा काढला : प्रमाणपत्र मिळेपर्यंत ज्या ऑर्डरला ड्रोन हवा असेल तिथे प्रमाणित चालकाला बाहेरून बोलवायचे आणि त्याचा खर्च पॅकेजमध्ये वेगळा दाखवायचा.

पार्टीशी करायचा करारही आम्ही डिसेंबरमध्येच नवा केला. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो किंवा चित्रपट करून घेतला आणि उलट काही ठरलेले नसले, तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा असतो. मला हे योग्यच वाटते. लग्न त्यांचे आहे. म्हणून कामाचे नमुने म्हणून काय दाखवता येईल, याची वेगळी लेखी संमती आम्ही घेतो आणि वधूच्या खोलीतले काहीही, संमती असली तरी, टाकत नाही. नमुना दाखवताना माझ्या फोटोखाली माझे आणि फिल्मखाली दादांचे श्रेय असते, संस्थेचे नाव दोन्हींखाली. मूळ फाइल लग्नाच्या रात्रीच दोन हार्डडिस्कवर घेतल्या जातात, एक माझ्या घरी, एक त्यांच्या.

पुढचा हंगाम मे २०२४ पर्यंत चालायचा तो लवकर आटोपला, कारण गुरू आणि शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये मुख्य मुहूर्त जवळजवळ नव्हते. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही पहिला वार्षिक हिशेब केला. कॅमेऱ्यांच्या भाड्याचा दर दादांच्या बाजूने कमी पडत होता, कारण चित्रीकरणाला एका लग्नात तीन-तीन कॅमेरे लागतात. तो आम्ही पुरवणी करारपत्राने वाढवला. अशी आपसातली दुरुस्ती साध्या पुरवणी कराराने होते, पण संस्थेचे नाव, पत्ता किंवा भागीदार बदलले तर निबंधकांना ठरलेल्या मुदतीत कळवावे लागते. दादांची पुतणी आता स्वतंत्रपणे दुसरा कॅमेरा चालवते आणि तिला भागीदार म्हणून घ्यायचे आमचे ठरले आहे. त्यासाठीचा मसुदा या चातुर्मासात तयार होईल, आणि या वेळी नावांचा क्रम व जागेचे संमतीपत्र अर्जाच्या आधीच तयार ठेवले आहे.